पिल्लू सारखं पाणी पितंय? वाडगं उचलण्याआधी मोजून बघा

भिंगरी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, घरी आली तेव्हा दहा आठवड्यांची होती, वजन बरोबर पाच किलो. तीन-चार दिवसांतच लक्षात आलं की वाडगं भरून ठेवावं आणि वळून बघावं तर ते रिकामं. मग दर अर्ध्या तासाला शू. फरशी पुसून झाली की फडका वाळायच्या आत पुढचं तळं तयार. पुढच्या चार महिन्यांत हा त्रास तीनदा आला. तिन्ही वेळा दिसायला अगदी सारखा होता आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. पिल्लू खूप पाणी पितं म्हटलं की पहिला सल्ला बहुतेक वेळा एकच मिळतो, पाणी कमी दे. नेमकं तेच करायचं नसतं.

मीही आधी तेच केलं होतं. दुपारी दोन तास आणि रात्री आठनंतर वाडगं उचलून ठेवायचे. दोन दिवसांत भिंगरी न्हाणीघरातली ओली फरशी चाटायला लागली. वाडगं खाली ठेवलं की श्वास न घेता गटागटा प्यायची आणि पाच मिनिटांत सगळं ओकून टाकायची. शू कमी झाली नाहीच. वर पाणी पुन्हा मिळेल की नाही, ही धास्ती तिच्या मनात बसली. ती धास्ती मी घातली होती आणि ती जायला पुढे बरेच दिवस लागले.

यात धोका काय आहे तेही सांगते. काही आजारांत किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही. शरीरातून पाणी वाहून जात असतं आणि पिल्लू ते भरून काढायला पितं. म्हणजे आधी शू जास्त होते आणि मग तहान लागते, आपल्याला मात्र ते उलटं दिसतं. अशा पिल्लाचं पाणी तोडलं तर ते काही तासांत कोरडं पडू शकतं आणि जिवावर बेतू शकतं. आजार नाही हे तपासून कळेपर्यंत पाणी सतत समोर हवं, रात्रीसुद्धा.

आधी मोजा

"खूप पितं" या शब्दांवरून कुठल्याही डॉक्टरला काही ठरवता येत नाही. आकडा लागतो. मोठ्या निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पुरतं. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं की पशुवैद्य ते जास्त धरतात. वाढत्या पिल्लाला वजनाच्या मानाने थोडं अधिक लागतं. त्यामुळे पाच किलोचं पिल्लू दिवसाला ३५०-४०० मिलिलिटर प्यायलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एरवी ते वाडग्यात कितीही जास्त दिसो.

मोजायला मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरते. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे भरलेलं वाडगं तोलायचं, काही तासांनी पुन्हा तोलायचं, फरक लिहून ठेवायचा. मधे पाणी घालायचं झालं तर घालण्याआधी आणि नंतर तोलायचं. असे सलग तीन दिवस, चोवीस तासांचा हिशोब. एकाच दिवसावर जाऊ नका. उकडलं, जास्त खेळ झाला, पाहुणे आले, की तो दिवस वेगळाच असतो. पिल्लाचं वजनही त्याच आठवड्यात घ्या. या वयात ते इतक्या झपाट्याने वाढतं की महिन्यापूर्वीचं वजन धरून केलेला भागाकार चुकतो.

माझ्या पहिल्या दिवसाच्या हिशोबात वाडग्यातून ८१० मिलिलिटर गेलं होतं. भागिले पाच, म्हणजे किलोमागे १६२. माझे हातपाय गळाले. मग वाडग्याखाली एक उथळ ताट ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्या ताटातच २९० मिलिलिटर सापडलं. भिंगरी पाण्यात पंजे घालून ते उपसायची, ओल्या हनुवटीने घरभर ठिपके पाडायची. माणसाच्या नजरेला ते सगळं "प्यायली" असंच दिसतं. शेजारी तिचा पंजा पोचणार नाही अशा जागी तसंच दुसरं वाडगं भरून ठेवलं, त्यातून दिवसभरात २५ मिलिलिटर नुसतं उडून गेलं. तीन दिवसांची खरी सरासरी निघाली ४६०, म्हणजे किलोमागे ९२. जास्तीच्या रेषेच्या जवळ, पण अलीकडे.

हिशोबात दोन गोष्टी सहसा राहून जातात. खाणं भिजवायला घातलेलं पाणी मोजायचं असतं. आणि घरात दुसरं कुत्रं असेल तर मोजणीपुरती दोघांची वाडगी वेगळ्या खोल्यांत ठेवायची, नाहीतर कोण किती प्यायलं ते कधीच कळत नाही. कुंड्यांखालच्या थाळ्या, बादल्या, कमोड हेही बंद करा.

पहिली वेळ : खाणं बदललं होतं

आमच्याकडे येण्याआधी भिंगरीला मऊ भिजवलेलं खाणं मिळायचं. मी आल्या दिवसापासून कोरडे दाणे दिले. कोरड्या ड्राय फूडमध्ये पाणी असतं जेमतेम दहा टक्के, डब्यातल्या ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के. म्हणजे जे पाणी आधी घासातून पोटात जात होतं ते आता वाडग्यातून जायला लागलं. एकूण फारसं बदललं नव्हतं, वाट बदलली होती.

डॉक्टरांनी वजन बघितलं, ते छान वाढत होतं. सकाळची पहिली लघवी तपासली, त्यात साखर नव्हती आणि घट्टपणा ठीक होता. त्यांनी सांगितलं, पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. मी दाणे कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून द्यायला लागले, वाडगं जड आणि रुंद तळाचं घेतलं आणि वर मधोमध भोक असलेली तरंगती चकती टाकली. त्या चकतीमुळे एका वेळी थोडंच पाणी वर येतं, त्यामुळे पंजेही बुडत नाहीत आणि गटागटा पिताही येत नाही. एकूण पाणी फार कमी झालं नाही, पण उलट्या थांबल्या आणि फरशीवरची निम्मी तळी गेली, कारण ती शूची नव्हतीच.

शूच्या बाबतीत एक ढोबळ हिशोब लक्षात ठेवा. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, फार तर तितके तास ते धरू शकतं. अडीच महिन्यांच्या पिल्लाकडून रात्रभर कोरडं राहायची अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. पिल्लाला वारंवार शू होणं आणि पिल्लाने जास्त पाणी पिणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुष्कळ घरांत पहिल्याचा राग दुसऱ्यावर निघतो.

दुसरी वेळ : गोळ्या

चौथ्या महिन्यात पुन्हा तेच सुरू झालं. वजन नऊ किलो, पाणी १,३०० मिलिलिटर, किलोमागे १४४. या वेळी ताट कोरडं होतं. शूची तळी मोठी, पाण्यासारखी पांढरी, जवळजवळ वास नसलेली. भूकही भयंकर वाढली होती.

खाजेसाठी तिला पाच दिवसांपूर्वी प्रेडनिसोलोन सुरू झालं होतं. हे स्टेरॉइड आहे आणि तहान, शू, भूक वाढणं हे त्याचे अगदी नेहमीचे परिणाम. फिट्ससाठी देतात ते फिनोबार्बिटल आणि शरीरातलं पाणी कमी करायला देतात ते फ्युरोसेमाइड यांनीही तहान वाढते. कानात घालायच्या थेंबांत आणि त्वचेच्या मलमांतही स्टेरॉइड असू शकतं, म्हणून डॉक्टरला औषधं सांगताना थेंब-मलमं वगळू नका.

इथे एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. मी गोळ्या स्वतःच बंद करणार होते. स्टेरॉइड असं एकदम थांबवायचं नसतं. बाहेरून मिळत असताना शरीर स्वतःचं तयार करणं कमी करतं, ते पुन्हा सुरू व्हायला वेळ द्यावा लागतो. डॉक्टरांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली. गोळ्या संपल्यावर आठवड्याभरात पाणी किलोमागे ७५ वर आलं. तोपर्यंत वाडगी दोन ठेवली आणि दर दोन तासांनी बाहेर नेलं. दुसरा उपाय नव्हता आणि लागतही नव्हता.

तिसरी वेळ : सवय, आणि ती मीच लावलेली

सहाव्या महिन्यात वजन १३ किलो, पाणी १,७०० मिलिलिटर, किलोमागे १३१. औषध कुठलं नाही, खाणं तेच, तब्येत टणटणीत. या वेळी मला खरी भीती वाटली. रक्ताची तपासणी झाली, किडनी, लिव्हर, कॅल्शियम, सोडियम, साखर सगळं व्यवस्थित. पोटाची सोनोग्राफी स्वच्छ.

उत्तर सापडलं ते नोंदींमध्ये. डॉक्टरांनी सांगितलं होतं की किती प्यायली एवढंच नको, किती वाजता प्यायली तेही लिहा. आठवड्याभराची वही समोर ठेवली तर जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी संध्याकाळी सहा ते दहा या वेळात जात होतं. म्हणजे मी कामाला बसलेली असायचे तेव्हा. रात्री वाडगं भरलेलं असूनही थेंब कमी होत नव्हता. आणि प्रत्येक वेळी प्यायल्यावर ती थेट दारापाशी जाऊन उभी राहायची.

मला शूची इतकी धास्ती होती की ती वाडग्यापाशी गेली की मी लगबगीने पट्टा घ्यायचे. तिने त्यातून सरळ अर्थ काढला. पाणी प्यायलं की ही उठते, आपल्याशी बोलते आणि बाहेर नेते. कंटाळलेल्या सहा महिन्यांच्या पिल्लाला याहून चांगला सौदा कुठे मिळणार?

रात्रीची नोंद इथे फार उपयोगी पडते. किडनीचा किंवा हार्मोनचा आजार असेल तर पिल्लू सहसा रात्रीही उठून पितं आणि झोपेतही शू होऊ शकते. सवयीने पिणारं पिल्लू रात्री शांत झोपतं आणि त्याची सकाळची लघवी घट्ट निघते. भिंगरीच्या सकाळच्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व, ज्याला लॅबमध्ये स्पेसिफिक ग्रॅव्हिटी म्हणतात, १.०३४ आलं. शुद्ध पाणी १.०००. कुत्र्याच्या लघवीत १.०३० च्या वरचा आकडा म्हणजे किडनी पाणी नीट राखते आहे. १.००८ ते १.०१२ म्हणजे किडनीने लघवी घट्टही केली नाही आणि पातळही, आणि १.००८ च्या खाली म्हणजे ती मुद्दाम पाणी बाहेर टाकते आहे. मात्र एकाच पातळ नमुन्यावरून घाबरायचं नाही. भरपूर पाणी प्यायल्यावर दुपारी घेतलेला नमुना निरोगी पिल्लाचाही पातळ येतो. म्हणून पहाटे उठल्याबरोबरचीच लघवी, स्वच्छ उथळ ताटलीत किंवा लांब दांड्याच्या डावात धरायची, झाकणाच्या डबीत भरायची आणि लगेच पोचवायची. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवायची.

सवय मोडायला पाणी तोडलं नाही. बाहेर नेण्याच्या वेळा घड्याळावर बांधल्या आणि त्या तिच्या पिण्याच्या आधी पडतील अशा ठेवल्या. सहा वाजता मी कामाला बसण्यापूर्वी अर्धा तास फिरणं, आणि त्यातही पळणं कमी, हुंगणं जास्त. संध्याकाळच्या खाण्यातला निम्मा भाग गुंडाळलेल्या जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून द्यायला लागले, ते शोधण्यात तिचा पाऊण तास सहज जायचा. ती वाडग्यापाशी गेली की मी मान वर करत नसे, नाव घेत नसे, उठत नसे. शू खरोखर आली तर ती वास घेत गोल फिरायची, तेव्हा मात्र लगेच बाहेर. हा फरक ओळखायला मला चार दिवस आणि दोन तळी लागली.

पहिल्या आठवड्यात आकडा फारसा हलला नाही. बरेच दिवस खूप पाणी वाहत राहिलं की किडनीच्या आतल्या भागातला क्षार आणि युरियाचा साठा धुऊन जातो. लघवी घट्ट करायला तोच साठा लागतो आणि तो पुन्हा जमायला काही दिवस जातात. तिची सकाळची लघवी घट्ट होती म्हणजे फार नुकसान झालं नव्हतं, तरी सवय उतरणीलाच लागते, एकदम थांबत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वजन साडेतेरा किलो आणि पाणी ९५० मिलिलिटर, किलोमागे ७०. तेव्हापासून तिथेच आहे.

कधी वाट बघायची नाही

माझ्या तिन्ही वेळा सुटल्या, पण दर वेळी असं होतंच असं नाही, म्हणून हा भाग वाचल्याशिवाय वही काढून बसू नका.

उलट्या किंवा जुलाब सुरू असताना पिल्लू पाणी पिऊन पुन्हा उलटत असेल, मलूल असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लात हा पार्व्हो, म्हणजे आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असू शकतो आणि त्यात तासांनाही किंमत असते. तहानेबरोबर ताप, उलट्या, डोळ्यांत-हिरड्यांत पिवळेपणा असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार होतो. हा आजार लघवीतून माणसालाही लागतो, म्हणून निदान होईपर्यंत हातमोजे घालूनच पुसा.

तहान एकाएकी वाढली आणि घरातलं काही कुरतडलेलं सापडलं, तर लगेच निघा आणि वेष्टन बरोबर न्या. काही उंदीरनाशकांत डी-३ जीवनसत्त्व प्रचंड प्रमाणात असतं, सोरायसिसच्या काही मलमांत त्याच्यासारखंच कॅल्सिपोट्रिऑल असतं. दोन्हींमुळे रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि किडनी बसते. गाडीच्या रेडिएटरमधल्या अँटिफ्रीझमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. त्यात आधी झिंगल्यासारखी चाल आणि तहान दिसते, मग पिल्लू बरं झाल्यासारखं वाटतं आणि त्यानंतर किडनी निकामी होते. त्या मधल्या बरं वाटण्यावर विसंबू नका. द्राक्षं आणि मनुकाही कुत्र्याच्या किडनीला घातक.

हळूहळू चालणाऱ्या आजारांची खूण बहुतेकदा वजनात सापडते. भावंडांपेक्षा खुरटलेलं, खायला कंटाळणारं, पातळ लघवी करणारं पिल्लू असेल तर जन्मतः किडनी नीट न घडल्याची शंका घेतात. शित्झू, ल्हासा अप्सो, गोल्डन रिट्रीव्हर यांत हे दिसतं. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत गुंगल्यासारखं होणारं, भिंतीला डोकं लावून उभं राहणारं पिल्लू असेल तर लिव्हरला वळसा घालून जाणाऱ्या रक्तवाहिनीचा, म्हणजे शंटचा संशय येतो. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज यांसारख्या छोट्या जातींत तो जास्त. त्यासाठी खाण्याआधी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पित्ताम्लांची रक्ततपासणी करतात.

डायबिटीस इन्सिपिडस हे नाव ऐकून लोक साखरेचं खाणं बंद करतात, पण त्याचा साखरेशी काही संबंध नाही. मेंदूतून येणारं पाणी राखायचं हार्मोन कमी पडतं, किंवा किडनी त्याला दाद देत नाही. पिल्लू एरवी ठणठणीत, पण लघवी सतत पाण्यासारखी, रात्रीसुद्धा. हार्मोन कमी पडत असेल तर डेस्मोप्रेसिनचे थेंब लागू पडतात. याच्या निदानासाठी पाणी रोखून एक चाचणी करतात, ती फक्त दवाखान्यात, दर थोड्या वेळाने वजन आणि लघवी तपासत. घरी कधीही नाही.

आणि जे जास्त पिणं वाटतं पण नसतं, त्यातले दोन प्रकार. सारखं बसून थेंब थेंब शू, कण्हणं, रक्ताची छटा, हे मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाकडे बोट दाखवतं. पिल्लू झोपून उठलं की अंथरूण ओलं, मागचे केस कायम दमट आणि ते सारखं चाटतं, असं असेल तर मूत्रवाहिनी जन्मतः चुकीच्या जागी उघडत असू शकते. मादी पिल्लांत हे जास्त आढळतं. कितीही शिस्त लावली तरी ते थांबणार नाही. ते त्याच्या हातात नसतं, त्याला रागावू नका.

उलट टोकाचा धोकाही आहे. पाइपच्या धारेला तोंड लावून खेळणारं किंवा पाण्यातून चेंडू पुन्हा पुन्हा आणणारं पिल्लू थोड्या वेळात इतकं पाणी गिळतं की रक्तातलं सोडियम खाली जातं. पोट फुगणं, लाळ, लडखडणं, पांढुरक्या हिरड्या, विस्फारलेल्या बाहुल्या, फिट. अंग जितकं छोटं तितकं हे लवकर होतं. दहा-पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून शू करायला न्या. लडखडताना दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

रात्रीच्या वाडग्याबद्दल

हा प्रश्न हमखास येतो. तपासण्या झालेल्या, दिवसभर मनसोक्त पाणी मिळालेल्या, ठणठणीत पिल्लाचं वाडगं झोपायच्या तास-दीड तास आधी उचललं तर बिघडत नाही. पण तीन महिन्यांखाली मी ते करणार नाही. जुलाब, ताप, उकाडा, कुठलीही गोळी चालू असताना तर नाहीच. त्याऐवजी झोपण्यापूर्वीची फेरी उशिरा काढा आणि पहाटेचा गजर लावा. तो महिना-दीड महिनाच लागतो.

डॉक्टरकडे जाताना मी आता बरोबर नेते ते असं : तीन दिवसांचं पाणी, वेळांसह, सांडलेलं वजा करून. या आठवड्याचं वजन आणि मागच्या महिन्याचं. खाणं कोरडं की ओलं, किती ग्रॅम, भिजवायला किती पाणी. सुरू असलेली आणि गेल्या महिन्यात संपलेली सगळी औषधं, थेंब-मलमांसकट. रात्री पिते का, झोपेत शू होते का. आणि डबीत सकाळची लघवी, झाकणावर वेळ लिहून.